आवतणाशिवाय

गडमुडशिंगी,
३ ऑक्टोबर २०२५

दीप्तीअक्का,

जयभीम.

हे पत्र लिहायला मला अकरा महिने लागले. अकरा महिने लिहीत बसलो होतो असं नाही. वही घ्यायची, ‘दीप्तीअक्का’ एवढं लिहायचं, मग पेनचं टोपण सापडत नाही म्हणून बाहेर पडायचं, असं चाललं होतं. एकदा टोपण शोधायला बाहेर पडलो तो थेट निपाणीत पोचलो. तिथं स्टँडच्या मागं एका गाड्यावर भजी बरी मिळतात. तुला माझं माहीतच आहे. अकरावीला शाळा मी सोडली नव्हती, वाटेत दुसरं काहीतरी दिसलं होतं.

तुझा फोन लागत नाही. माझा नंबर तू ब्लॉक केलायस हे कळायलाही महिना गेला. मला वाटायचं गडहिंग्लजला रेंज नसेल. म्हणून हे तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, “आता पत्रं कोण लिवतंय रं?” मी म्हटलं, “बहिणीशी भांडण हाय.” तर म्हणाल्या, “मग साध्या टपालानं नको, स्पीड पोस्ट कर. भांडण जुनं झालं की पत्र वाचत न्हाईत माणसं.”

काल विजयादशमीची वंदना होती. विहारात आप्पा वंदना सांगायला बसायचे त्या जागेवर कुणी बसेना. जो तो दुसऱ्याला म्हणतोय, तू बस की, तू बस की. शेवटी ती सतरंजीची घडी तशीच मोकळी राहिली आणि सगळ्यांनी खालीच बसून पंचशील म्हटलं. माईक चालूच राहिला होता, त्यातनं नुसती खरखर. आई मागं बसलेली. येताना वाटेत म्हणाली, “दीप्तीला लिवलंस काय?”

“लिहितोय.”

“कवापासनं?”

मी वाटेतला एक खडा पायानं उडवला. ती म्हणाली, “एकोणीस नोव्हेंबरला वर्ष होतंय त्यांना. तिला यायला सांग. मी सांगितलं तर ती न्हाय म्हणंल, आन् मला ते ऐकवणार न्हाय. तू भाऊ हाईस, तू सांग.”

तर सांगतोय. एकोणीस तारीख, बुधवार आहे, सकाळी दहाला. तू आलीस तर आई या वर्षातनं उठेल, नाही तर मला काही तिचं खरं दिसत नाही. अंगणात बसते आणि बसूनच राहते.

आणखी एक सांगायचं आहे. पण आता पोस्ट बंद व्हायची वेळ झाली.

जित्या


गडमुडशिंगी,
११ ऑक्टोबर

अक्का,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. गेल्या नोव्हेंबरात आप्पा गेले त्या दिवशी मी फोन केला तेव्हा तू म्हणालीस, “ते माझ्या लग्नाला आलं न्हाईत. मी त्यांच्या मयताला येत न्हाय.” एवढंच. मग फोन बंद. मी ते आईला सांगितलं नाही. परीक्षेचे पेपर होते म्हणून सांगितलं. नोव्हेंबरात कसले पेपर, पण तिनं विचारलं नाही.

तू नव्हतीस, तर कोण कोण आलं ते तुला कळू दे.

फौंड्रीतली माणसं पाळी सोडून आली, नखांत काळी वाळू तशीच. सत्तावीस वर्षं आप्पांनी तिथं साचे भरले, त्याच वाळूनं छाती भरली, हे डॉक्टरांनी अकरा दिवस लावून सांगितलं. ते तर आम्ही घरात त्यांच्या खोकल्यात रोज ऐकतच होतो. मग आप्पांनी लग्नं लावलेली जोडपी आली. किती लावली ते त्यांनी कधी मोजलं नाही. कामावरनं यायचे, अंग घासघासून धुवायचे, पांढरा शर्ट घालायचे आणि सायकल काढून निघायचे, कबनूर काय, हातकणंगले काय. त्यातल्या एकानं आपल्या पोराला उचलून आप्पांचं तोंड दाखवलं आणि म्हणाला, “ह्यांनी तुज्या आईला आन् मला विचारलंतं, दोघं मनानं उभं हाईसा न्हवं? तसं आमाला कुणीच विचारलं न्हवतं.”

यल्लव्वा आठवते का, ओढ्याकाठी झोपडीत राहायची, बुट्ट्या विणायची? ती पायाशी येऊन बसली आणि उठेना. बायका म्हणाल्या, आजी बाजूला व्हा, न्यायची वेळ झाली. ती म्हणाली, “माज्या नातीच्या बारशाला ह्यो रजा टाकून आलता. गावातलं एक माणूस आलं न्हवतं. ह्यो आला, जेवला, आन् आनकी एक भाकरी मागितली.”

ती बोलावायला स्वतः आपल्या दारात आली होती, म्हणून आप्पा गेले. त्यांचा नेम तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, लिहायला बरं वाटतं. आवतण द्यायचं तर घरातल्या माणसानं दारात येऊन तोंडानं द्यायचं. तेवढं केलं की मग झोपडी असू दे नाही तर बंगला, आप्पा जाणारच. नाही केलं तर कुणाच्याही मांडवात पाय टाकणार नाहीत. सरपंचानं पोरीच्या लग्नाची पत्रिका मोबाईलवर टाकली, आप्पा गेले नाहीत. अक्षतांच्या वेळेला सरपंच फेटा बांधलेला तसाच मोटरसायकलवरनं आला. “गुरुजी, पत्रिका टाकलीती की.”

“मोबाईल तुझ्या घरातलं माणूस हाय व्हय?”

“चुकलं. चला आता, हात जोडतो.”

“हात कशाला जोडतोस, बोलावलंस न्हवं? थांब, शर्ट घालतो.”

आपण दोघं किती हसलो होतो. पण त्याच्या मागचं आप्पांनी मला एकदाच सांगितलं होतं. आपले आजोबा गुंडू गावातल्या लग्नांत मांडवाच्या बाहेर बुट्टी घेऊन उभे राहायचे, पंगती उठल्या की उरलेलं मिळायचं. आप्पा आठ वर्षांचे, बापाचं बोट धरून उभे. कुणीतरी आतनं म्हणालं, “ह्यास्नी कुणी बोलवलंय?” आणि मांडव हसला. आप्पा म्हणायचे, हसणारी माणसं काय वाईट नव्हती, पण माझ्या बापानं बोट सोडलं आणि दोन्ही हातांनी बुट्टी धरली. त्या दिवसापासनं आप्पा बोलावल्याशिवाय कुठं गेले नाहीत. फक्त मयत सोडून. मयताला आवतण लागत नाही, तिथं पळत जायचं, म्हणायचे.

आता बघ, हे सगळं लिहिलं आणि लिहायचं ते राहिलंच.

जित्या


गडमुडशिंगी,
२४ ऑक्टोबर

अक्का,

आज दुसरं काही लिहीत नाही.

आप्पा तुझ्या लग्नाला नाही म्हणाले नव्हते. त्यांना लग्न कधी आहे हेच माहीत नव्हतं. मी सांगितलंच नाही.

आता कसं झालं ते लिहितो. वाचायचं असेल तर वाच, नाही तर वरच्या दोन ओळींवर थांबलीस तरी चालेल.

तू घर सोडून दोन महिने झाले होते. भांडण जातीवरनं नव्हतं हे तुलाही माहीत आहे. आप्पा एवढंच म्हणाले होते, “गुरुप्रसादच्या घरातलं एक माणूस दारात येऊ दे. च्या पिऊ दे. मग मी सगळं करतो.” त्यांच्या घरातनं कुणी येणार नव्हतं. आणि तू म्हणालीस, तुमच्या मानापायी माझं लग्न अडवताय. आणि तू बॅग उचललीस. मी तेव्हा दारात उभा राहून शेंगा खात होतो. तेही मला आठवतं.

मग बुधवारी, सोळा फेब्रुवारीला, तू मला कोल्हापूरच्या स्टँडवर बोलावलंस. हातात पिशवी. त्यात आप्पांसाठी शिवलेला पांढरा शर्ट. तू म्हणालीस, “त्यांच्याकडनं कोण येत न्हाय तर माझ्याकडनं तू जा. तू घरातला हाईस. तोंडानं आवतण दे. रविवारी अकरा वाजता, हॉल धरलाय. आप्पांना म्हणावं, लग्न तुम्हीच लावायचं. गुरुप्रसादला चालतंय, मला दुसरं कोण नको.” मला दोनदा म्हणायला लावलंस. मी दोन्ही वेळेला बरोबर म्हटलं.

तू बसमध्ये बसलीस. मी मुडशिंगीच्या बसची वाट बघत होतो आणि विजयसिंह भेटला, ट्रकवाला. गूळ घेऊन गुजरातला निघाला होता, क्लीनर पळून गेला होता. म्हणाला, “चल की पावणं, चार दिवसांत परत.” मी बोटांवर मोजलं. बुध, गुरू, शुक्र, शनि. शनिवारी सांगितलं तरी रविवार गाठतो. मला समुद्र बघायचा होता. गुजरातला जाताना समुद्र लागत नाही, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

शुक्रवारी ट्रक भरूचच्या अलीकडं बसला. स्प्रिंगचा पाटा तुटला होता. दोन दिवस तिथं. माझ्याकडं फोन होता, अक्का. फोनमध्ये चार्जिंगही होतं. आप्पांचा नंबर काढून बसलो आणि मनात आलं, फोनवरचं आवतण आप्पा घेत नाहीत. तुझ्या लग्नाचं आवतण फोनवर दिलं तर त्यांना काय वाटेल. तोंडानंच सांगायला पाहिजे. मला त्यांचा नेम मोडायचा नव्हता. असा विचार करत मी बसलो, शनिवार गेला.

रविवारी अकरा वाजता मी ट्रकखाली होतो. विजयसिंहनं हात पुसायला फडकं मागितलं. मी पिशवी पुढं केली, त्यात काय आहे हे आठवेपर्यंत त्यानं आप्पांचा शर्ट काढून ऑईल पुसलं होतं.

तीन वाजता तुझा फोन. “आप्पा का आलं न्हाईत? दोन वाजेपर्यंत सगळी थांबलीती.” मी म्हणायला पाहिजे होतं, अक्का, मी भरूचला आहे. माझ्या तोंडातनं आलं, “न्हाय म्हणालं.”

दोन शब्द. तू फोन ठेवलास. मला वाटलं घरी जाऊन मिटवू. घरी गेलो तर आप्पा अंगणात सायकलची चेन बसवत होते. “आलास? कुठं हुंदडत हुतास?” म्हणाले. आज सांगू, उद्या सांगू. मग बाहेरनं कुणाकडनं तरी त्यांना कळलं की दीप्तीचं लग्न झालं. मी लगेच बेळगावला निघून गेलो, दोन महिने हॉटेलात कपबशा धुतल्या. साडेतीन वर्षं मी इकडं तिकडं फिरतो ते फिरायची आवड म्हणून, असं सगळ्यांना वाटतं.

एक राहिलं. दवाखान्यात नवव्या दिवशी मी एकटाच होतो त्यांच्यापाशी. नळी काढली होती थोडा वेळ. म्हणाले, “जित्या, दीप्तीनं बोलावलं असतं तर मी गेलो असतो का न्हाय?”

मी म्हटलं, “आप्पा, पाणी देऊ?”

त्यांनी पाणी घेतलं. परत काही विचारलं नाही.

मला माफ कर असं लिहायला हात होत नाही. तू रागाव, काय करायचं ते कर. पण आप्पांवर रागावू नको. एवढंच मागतो.

जित्या


गडमुडशिंगी,
२९ ऑक्टोबर

अक्का,

आईला सांगितलं.

काल दुपारी ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसून सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच, शर्टसुद्धा. ती फोडत राहिली. पाटी संपेपर्यंत फोडल्या. मग फोलपटं बाजूला करून म्हणाली, “ते तीनदा गेलतं.”

“कुठं?”

“गडहिंग्लजला. तुला कोण सांगणार, तू घरात असतोस कुठं.”

अक्का, हे मलाही माहीत नव्हतं. ती सांगत होती ते तसंच लिहितो. पहिल्या वेळेला ते स्टँडवर उतरले, चहा प्याले आणि त्याच बसनं परत आले. दुसऱ्या वेळेला विचारत विचारत तुझ्या शाळेच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. तिसऱ्या वेळेला फाटकापाशी. प्रार्थना चालू होती. तू पोरांच्या रांगेपुढं उभी होतीस, हिरव्या साडीत. एका पोराची कॉलर नीट केलीस. घरी येऊन आईला म्हणाले, “बारीक झालीया. पण आवाज खणखणीत हाय, शेवटच्या पोरापर्यंत जातोय.”

आई म्हणाली, हाक मारायची की. तर म्हणाले, “शालू, तिनं बोलावलं न्हाय. मी गेलो, आन् तिच्या घरात कुणी इचारलं, ह्यास्नी कुणी बोलवलंय, तर उत्तर तिला द्यावं लागंल. मला इचारू देत, मी ऐकून घेतो. तिला कशाला.”

आई रडली नाही. मला म्हणाली, “हे लिव तिला. आज लिव. पेन मी आणतो.” आणि खरंच पेन आणून दिलं, टोपणासकट. त्यानंतर एक शब्द बोललेली नाही. ताट वाढते, माझ्या पुढ्यात ठेवते, आत जाते. काल संध्याकाळी मी म्हटलं, आई, शिव्या दे. तिनं आमटी वाढली.

तू एकोणीसला येणार असशील आणि मी समोर नको असेन, तर तसं कुणाकडनं कळव. मी आदल्या दिवशीच निघतो. निघून जाणं मला जमतं.

जित्या


गडमुडशिंगी,
१७ नोव्हेंबर, सोमवार

अक्का,

परवा बुधवार. तुझं काही आलं नाही, तरी लिहितोय.

बोलावणं करायचं काम मी घेतलं. आईनं सांगितलं नाही, मीच घेतलं. चार दिवस झाले, दारोदार जाऊन तोंडानं सांगतोय. बुधवारी दहाला, आप्पांचं वर्ष आहे, जेवायलाच या. आधी लोक माझ्याकडं बघतात, हा कसा काय आला म्हणून. फौंड्रीच्या गेटवर उभा राहून एकेकाला सांगितलं. सरपंचाच्या घरी गेलो तर तो म्हणाला, “अरे मोबाईलवर टाकायचं की,” आणि मग स्वतःच जीभ चावली. यल्लव्वाला सांगायला गेलो. तिला आता नीट दिसत नाही. माझा हात धरून, आप्पांचं नाव घेऊन म्हणाली, “बाळासोचा ल्योक काय रं तू? हात तसलाच हाय.” मी हात काढून घेतला. तिथनं पुढं रस्त्याला एक टेम्पो उभा होता, सावंतवाडीला चालला होता, ड्रायव्हर ओळखीचा निघाला. मी त्याच्याशी बोललो, त्याची बिडी ओढली आणि पुढच्या घराकडं गेलो. एवढंच सांगायचं होतं.

गडहिंग्लजला मात्र आलो नाही. दोनदा स्टँडवर गेलो. दुसऱ्या वेळेला तिकीटसुद्धा काढलं. बस सुटताना उतरलो. कुठल्या तोंडानं येऊ. तुझ्यापुढं ‘आवतण द्यायला आलोय’ असं कसं म्हणू, तूच सांग.

मांडववाल्यानं सकाळी खांब टाकले आहेत, कापड उद्या बांधणार. आप्पांचा फोटो मोठा करून आणला. फोटोवाल्यानं त्यांना जरा गोरं केलंय. आई बघत राहिली आणि

थांब, दारात रिक्षा आलीय.

अक्का, दाजी आले आहेत. मी पहिल्यांदा बघतोय त्यांना, तरी ओळखलं. कडेवर तुझी मुलगी आहे. तुला मुलगी झाल्याचं कानावर आलं होतं, नाव माहीत नव्हतं. मी आतल्या खोलीत आहे, इथनं दिसतंय सगळं. बाहेर जायचं धाडस होत नाही, म्हणून लिहितोय.

ते उंबऱ्याबाहेरच थांबलेत. म्हणाले, “मी गुरुप्रसाद.” आई म्हणाली, “वळखलं. आत या.” त्यांनी चपला काढल्या, पण आत आले नाहीत. आधी बोलून घेतो म्हणाले. “दीप्ती आलेली नाही. तिनं चारही पत्रं वाचली. तिसरं वाचल्यावर तीन दिवस शाळेत गेली नाही. आज सकाळी म्हणाली, ऋताला तिच्या आजीकडं सोडून या. बुधवारपर्यंत राहू दे.”

आईनं विचारलं, “आन् बुधवारी?”

“ते मला विचारू नका म्हणाली. मला खरंच माहीत नाही.”

आई खाली बसली, उंबऱ्यातच, म्हणजे तिचं तोंड पोरीच्या तोंडाएवढं आलं. ‘ये’ म्हणाली नाही. नुसती बसली. दाजींनी पोरीला खाली ठेवलं. दोन वर्षांची असेल, पायात आवाज करणारे बूट आहेत. आईकडं बघितलं, मग मांडवाच्या खांबांकडं, मग आत माझ्याकडं. बघतच राहिली. तिला मी कोण हे माहीत नाही, काय केलं तेही माहीत नाही. तशी माझ्याकडं कुणी बघून बरेच दिवस झाले.

आता आईच्या मांडीवर बसली आहे, बूट वाजवत. आईनं तिच्या डोक्यावरनं हात फिरवला, एकदा, दोनदा, मग तोंड माझ्याकडं न वळवता म्हणाली, “जित्या, पोरीला दूध आण.”

वीस दिवसांनी माझ्याशी बोलली, अक्का.

पत्र इथंच ठेवतो, दाजी परत निघताना त्यांच्याच हातात देईन. डेअरी कोपऱ्यावर आहे. तिथपर्यंतच जातो आणि परत येतो.

जित्या